मागवलेली हिरवी, उभी पिवळी

८ मे

सगळा जन्म मालवाहू बोटींच्या इंजीनघरात गेला. रोज लिहायची सवय तिथलीच. तेलाचा दाब, पाण्याचं तापमान, काय बिघडलं, कुणी दुरुस्त केलं. यंदा मी निवृत्त झालो, मार्चमध्ये बोट माझ्याशिवाय सुटली आणि लिहायला काही उरलं नाही. मार्लिस म्हणाली, "मग आता स्वतःचं लिही, एल्डन. तुझ्यात काय बिघडलंय ते तरी कळेल."

बायको चेष्टेत बोलते, पण वही तिनेच आणून दिली.

सुपीरियर सरोवराकाठी ड्युलूथमध्ये घर असून इथला मे महिना मला माहीत नव्हता. बर्फ वितळायला लागलं की मी बोटीवर, आणि परत यायचो तेव्हा सरोवर गोठत असायचं. मधे सुट्टी मिळायची ती तुकड्यातुकड्यांनी, आणि तीही झोपण्यात जायची. उन्हाळा म्हणजे माझ्यासाठी वरच्या जाळीतून खाली येणारी गरम हवा. आता घरासमोरच्या झाडाला पानं फुटताना बघतोय आणि पाय घरात ठरत नाहीत.

लिहिण्याजोगी गोष्ट अशी, की मी गाडी घेणार आहे. मार्लिसची जुनी सुबारू आहेच, सामान आणायला, बर्फात फिरायला. मला हवीय ती केस्ट्रल. दोन माणसांची, जमिनीला चिकटून धावणारी. हातात गिअर, पायाखाली क्लच. गर्द हिरवा रंग, आत तपकिरी चामडं. बोटीवरच्या माझ्या खोलीत तिचं चित्र लावलेलं होतं. चित्र पिवळं पडलं, फाटलं, दुसरं लावलं. मॉडेलं बदलत गेली, मी त्याच पाण्यावर राहिलो.

११ मे

टेकडीवरच्या शोरूममध्ये जाऊन आलो. मार्लिस रोपवाटिकेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आली होती. मे महिन्यात तिला सुट्टी मिळणं अवघड, सगळं गाव रोपं न्यायला येतं. नखांत माती तशीच होती.

विकणारा पोरगा कोल्बी. तिशीचा असेल, दात फार दाखवतो. मी बोटीवर चीफ इंजिनिअर होतो हे कळल्यापासून मला 'चीफ' म्हणतो. मी सांगितलं, हिरवी, हाताच्या गिअरची, छत साधं. त्याने मान हलवली.

"अशी यार्डात नाही, चीफ. अशी कारखान्याकडून मागवावी लागेल. नावाने बनते. तीन-चार महिने."

"आणि यार्डात काय आहे?"

"यार्डात पिवळी आहे."

पिवळी! लिंबासारखी पिवळी. ऑटोमॅटिक गिअर, छताला सबंध काच, आणि नको असलेल्या सतरा गोष्टी. मी म्हणालो, गिअर हाताने टाकायचा नसेल तर मी इमारतीच्या लिफ्टमध्ये बसून वर-खाली करीन. कोल्बी हसला. मार्लिस हसली नाही. ती तोवर गाडीत जाऊन बसली होती. डोकं मागे टेकून काचेतून वर बघत होती.

"एल्डन, ये ना आत. ढग दिसतायत."

"काचेचं छत म्हणजे वजन वर. वळणावर गाडी झुकते."

"आपण काय शर्यतीला चाललोय का?" मग कोल्बीला म्हणाली, "ही आज घेतली तर केव्हा मिळेल?"

"आजच," कोल्बी म्हणाला. "पेट्रोल भरून देतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी दाराच्या कडेचं रबर तपासत होतो. रबर नीट बसवलेलं नव्हतं, हे नोंदवून ठेवतो.

२० मे

आठवडाभर डोक्याचा भुगा. मागवावी की उभी आहे ती घ्यावी?

मागवली तर जशी हवी तशीच मिळेल, पण सप्टेंबर उजाडेल. इथे नोव्हेंबरात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकायला सुरुवात होते. ते मीठ गाडीच्या पोटात शिरलं की गंज धरलाच. मी मिठाचा एक कण तिला लागू देणार नाही. म्हणजे पहिल्या वर्षी हातात जेमतेम दीड महिना. पिवळी घेतली तर उद्यापासून उन्हाळा आपला. पण रोज सकाळी दार उघडून पिवळा रंग बघायचा, आणि डावा पाय नुसता ठेवून द्यायचा. इतकी वर्षं दुसऱ्याच्या मालकीची इंजिनं सांभाळली. एक तरी आपल्या मनासारखं असू नये?

मार्लिसने रात्री जेवताना सरोवराची गोष्ट काढली. सुपीरियर सरोवराला गाडीने पूर्ण फेरी मारायची, कॅनडातून जाऊन मिशिगनमधून परत. लग्न झालं तेव्हा ठरवलेलं. मी ते सरोवर हजार वेळा ओलांडलं, पण किनारा पाण्यावरूनच पाहिला. ती कधी गेली नाही, कारण माझ्याबरोबर जायचं होतं.

"जुलैत जाऊ," ती म्हणाली. "रोपवाटिकेचं काम तोवर ओसरतं."

"जाऊ की. नव्या गाडीने जाऊ."

"पिवळीने?"

"बघू."

तिने ताटं उचलली. मला वाटतं तिलाही निर्णय अवघड जातोय.

२ जून

ऑर्डर दिली! हिरवी, हाताचा गिअर, तपकिरी चामडं, छत साधं, शिलाईचा दोराही मी निवडला. कोल्बी म्हणतो, सप्टेंबरचा पहिला आठवडा.

घरी सांगितलं. मार्लिस वाफ्यात टोमॅटो लावत होती. उभी राहिली, गुडघ्याची माती झटकली.

"सप्टेंबर," म्हणाली.

"सप्टेंबरात सरोवराकाठी गर्दी नसते. उलट बरंच."

"हो," ती म्हणाली, आणि पुन्हा खाली बसली.

१६ जून

तीन दिवस धुकं. जून महिन्यात स्वेटर! बंदराकडून भोंगे ऐकू येतात. मी आवाजावरून बोट ओळखतो. आज पहाटे आमचीच गेली. नव्या चीफने इंजीन गरम व्हायच्या आधीच जोरात पळवलं, ऐकूनच कळलं. आता ते माझं काम नाही.

काही तरी करायला हवं म्हणून मार्लिस कामावर असताना स्वयंपाकघर लावलं. सगळं उलटसुलट होतं. रोज लागणारं हाताशी, क्वचित लागणारं वर, प्रत्येक कप्प्याला चिठ्ठी. इंजीनघरात असंच असतं, अंधारातही हत्यार सापडलं पाहिजे. मसाल्यांच्या बाटल्या तर अक्षरांच्या क्रमाने लावल्या.

मार्लिस आली. चाळणी शोधली. एक दार, दुसरं दार, तिसरं.

"हे काय केलंस?"

"सोय केली."

"कुणाची?"

मी चाळणी काढून दिली. ती चिठ्ठी वाचत उभी राहिली. "एल्डन, हे स्वयंपाकघर मी एकटीने चालवलंय. तू नव्हतास तेव्हाही इथे जेवण बनत होतं."

रात्रीतून तिने सगळं होतं तसं परत लावलं. चिठ्ठ्या तेवढ्या राहिल्यात, आता त्या खोटं बोलतात. 'पीठ' लिहिलेल्या कप्प्यात ओटा पुसायची फडकी आहेत. मला काही कळेना. चांगलं करायला गेलो तर हे असं.

५ जुलै

काल मार्लिसची मैत्रीण ग्वेन हिच्या तळ्यावरच्या घरी सगळे जमले होते. दर बुधवारी जमतात म्हणे, उन्हाळाभर, वर्षानुवर्षं. मासे तळतात, पाण्यात डुंबतात. कालचा बेत स्वातंत्र्यदिनामुळे मंगळवारी होता. मला बोलावलं होतं. मी गेलो नाही, कारण कारखान्याकडून गाडीचा क्रमांक येणार असं कोल्बी म्हणाला होता, आणि तळ्यावर फोन लागत नाही.

क्रमांक आला नाही. काल सुट्टी होती, हे त्या गाढवाला माहीत नव्हतं का?

मार्लिस उशिरा आली. केस ओले, अंगाला धुराचा वास, स्वतःशीच गुणगुणत होती. मला बघितल्यावर थांबली. "जागा आहेस?" म्हणाली.

२१ जुलै

फोन आला तो असा.

"चीफ, एक छोटी अडचण. हिरवा रंग सध्या बनत नाहीये. त्यातला काही घटक संपलाय."

"केव्हा येईल?"

"ते नक्की सांगत नाहीत. करडा घेतलात तर रांगेतली तुमची जागा टिकते. हिरव्यासाठी थांबलात तर ऑक्टोबर."

"मी हिरव्यासाठीच मागवलीय रे!"

"हो, ते कळतंय मला. एक सांगू? रागवू नका. पिवळी अजून उभी आहे. साहेबांशी बोलून भाव कमी करतो. बाईंना ती आवडली होती."

मी फोन ठेवून दिला. रागाने अंगणातलं गवत दोनदा कापलं, दुसऱ्यांदा कापायला काही उरलंच नव्हतं.

मग सुबारू काढून शोरूमवर गेलो. पिवळी कुंपणाजवळ उभी. पावसाचे डाग पडलेत, कुणी पुसत नाही. टायरमध्ये हवा कमी वाटली, कोल्बीला सांगितलं. पुढचा अर्धा तास तिथे काय करत होतो ते सांगता येणार नाही. आत बसलो नाही.

घरी येऊन हिरव्यासाठी थांबतो असं कळवलं. इतके आठवडे थांबलो ते मग कशासाठी?

३ ऑगस्ट

एक बरं झालंय. मार्लिस हल्ली गाडीवरून, सरोवरावरून काही बोलत नाही. कटकट मिटली. सकाळी माझ्या आधी उठून कॉफी पिऊन निघून जाते. पूर्वी माझा कप भरून ठेवायची, आता किटलीतच ठेवते. गरम राहते, ठीकच आहे.

१४ ऑगस्ट

आज शोरूममध्ये तमाशा केला. करायला नको होता. कोल्बी म्हणाला, कारखाना कधीही तारीख पाठवेल, आणि ती आली की दुसऱ्या दिवसापर्यंत आपण होकार द्यायचा, नाहीतर जागा पुढच्या माणसाला. मी विचारलं, "कधीही म्हणजे कधी?" तो म्हणाला, "म्हणजे कधीही, चीफ." मी टेबलावर मूठ आपटली. त्याची कॉफी कागदांवर सांडली. बोटीवर माझी मूठ आपटली की पंप चालू व्हायचे. इथे एक बाई टिपकागद घेऊन आली, बस.

संध्याकाळी मार्लिस म्हणाली, "शनिवारी मी आणि ग्वेन निघतोय. सरोवराच्या फेरीला. सुबारूने."

मला आधी वाटलं चेष्टा करतेय.

"आपण नव्या गाडीने जाणार होतो ना?"

"होतो."

"मग?"

"मागच्या सीटवर जागा आहे, एल्डन. तू ये. मनापासून सांगतेय. गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागेल, पण ये."

"आणि तारीख आली तर? कॅनडात त्या जंगलात फोन लागतो का?"

"नाही लागत."

"मग मी कसा येऊ? तूच सांग."

ती नकाशा घडी करत बसली. तो नकाशा जुना आहे, घड्यांवर फाटलाय. मी म्हटलं, नवा आणून देऊ? म्हणाली, नको.

१९ ऑगस्ट

गेल्या. मी तेल, पाणी, पट्टा सगळं तपासून दिलं. मार्लिसने खिडकीतून हात बाहेर काढला, मला वाटलं माझ्या गालाला लावेल, पण आरसा नीट करत होती.

२३ ऑगस्ट

मार्लिसचा फोन, कॅनडातल्या वावा गावातून. आवाज फुटत होता. "इथला वारा ऐक," म्हणाली आणि फोन हवेत धरला असावा. नुसती खरखर. मी वाट पाहिली, मग विचारलं, "तेल बघितलंस का? तो जॉइंट झिरपतो."

मग ग्वेन लांबून काही ओरडली, मार्लिस म्हणाली, "बघते," आणि फोन बंद झाला.

कारखान्याकडून काही नाही.

घरात भांड्यांचा आवाज नाही. रेडिओ लावला, तो तिच्या स्टेशनवर होता, तसाच ठेवला.

२७ ऑगस्ट

दुपारी आल्या. मी धुरी दिलेला मासा आणून ठेवला होता, सरोवरातला, तिला आवडतो तो. ग्वेनला सोडून ती आत आली. चेहरा उन्हाने लाल, नाकाची साल निघालेली. मी विचारलं, गाडीने त्रास दिला का? किती पेट्रोल लागलं? तिने सगळ्याला उत्तरं दिली. मग मासा न खाताच खुर्चीत बसली.

"एल्डन, इतकी वर्षं मी लोकांना सांगायचे, नवरा बोटीवर आहे. उन्हाळा एकटीने काढायची सवय झाली. वाटायचं, एक दिवस तू घरी असशील. यंदा तू घरी होतास. आणि मी आधीपेक्षा जास्त एकटी होते."

"मी इथेच तर होतो," मी म्हणालो.

"तेच सांगतेय," ती म्हणाली.

रात्रभर विचार केला. मी घरातच होतो. दारू नाही, भांडण नाही, कुठे गेलो नाही. हे बाईमाणूस बोलतं त्याचा अर्थ कुणी लावावा?

२९ ऑगस्ट

पहाटे उठून ठरवलं. खड्ड्यात गेला हिरवा रंग. पिवळी घ्यायची, दारात आणून उभी करायची, आणि तिला म्हणायचं, चल, परत एक फेरी मारू, उलट्या बाजूने. शोरूम उघडायच्या आधी जाऊन उभा राहिलो.

कुंपणाजवळ जागा मोकळी होती.

"शनिवारी गेली," कोल्बी म्हणाला. "कॅनडातल्या थंडर बेहून एक बाई आली होती, दातांची डॉक्टर. बसली, छतातून वर बघितलं, घेतली."

"लगेच?"

"माझी कॉफी गार व्हायच्या आत."

पोरगा वाईट नाही. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "चीफ, तुमची येईल. मी रोज फोन लावतो त्यांना. शप्पथ." मी पाण्याचा ग्लास हातात धरून बसून राहिलो. इतका राग आला होता, आणि कुणावर काढावा ते सापडेना.

घरी मार्लिसला काही सांगितलं नाही. सांगून काय, गेलेली गाडी.

१८ सप्टेंबर

ब्रिटाचा फोन. आमची मुलगी, तिकडे दूर पश्चिमेला बॉइसीला असते. डिसेंबरात बाळ होणार. मार्लिस तिच्याशी दार लावून बोलली. बाहेर आली आणि म्हणाली, "मी नोव्हेंबरच्या मध्यावर तिच्याकडे जातेय. हिवाळाभर."

"हिवाळाभर? आणि मी?"

"तू इथे असशील," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर काही बोलता आलं असतं.

तारीखही आजच आली. गाडी ऑक्टोबरच्या शेवटी. होकार कळवला. आनंद व्हायला हवा होता.

२७ ऑक्टोबर

आली.

ट्रकवरून उतरवली तेव्हा बर्फाचे पहिले कण पडत होते. हिरवा रंग चित्रापेक्षा गर्द. गिअर मुठीत असा बसला की जणू माझ्याच हाताचं माप घेऊन केलाय. टेकडी उतरताना दुसरा गिअर टाकला आणि इंजिनाने जो आवाज काढला तो ऐकून मी गाडीत एकटाच मोठ्याने हसलो. घर इतकं जवळ का आहे?

मार्लिस बाहेर आली, अंगाभोवती शाल. गाडीभोवती पूर्ण फिरली.

"सुंदर आहे," म्हणाली. खरंच म्हणाली, उगाच नव्हे.

"बस ना. एक चक्कर."

"बर्फ पडतंय, एल्डन. तूच म्हणाला होतास, मीठ लागू द्यायचं नाही."

गॅरेजात लावली. संध्याकाळी मिठाचा ट्रक गेला, पिवळा दिवा फिरवत. त्याच्या मागे रस्ता करडा झाला. मी गाडीवर पांघरूण घातलं. आता थेट मे महिन्यात निघेल.

४ नोव्हेंबर

दुपारी पांघरूण काढून गाडीत बसलो होतो. इंजीन बंद. गिअर पहिला, दुसरा, तिसरा. बाहेर बर्फ. मार्लिस गोठवलेले मटार काढायला गॅरेजात आली आणि दचकली.

"काय करतोयस?"

"बसलोय."

ती मटाराची पिशवी घेऊन उभी राहिली. मग दुसऱ्या बाजूचं दार उघडून आत बसली, पिशवी मांडीवर. चामड्याचा नवा वास येत होता.

मग मी विचारलं, "सरोवर कसं होतं? काठावरून?"

"आत्ता विचारतोस?"

"आत्ता विचारतोय."

तिला वाटलं असेल मी पुन्हा तेलावर येईन. नाही आलो. ती हळूहळू बोलायला लागली. वावाच्या अलीकडे एक मोठी खाडी आहे, तिथला कडा. तिथे ती आणि ग्वेन पाण्यात उतरल्या, इतकं गार की दोघींचा श्वास अडकला. बाहेर येऊन दगडावर बसल्यावर तिला रडू फुटलं. ग्वेनला वाटलं थंडीने. लांबून एक बोट चालली होती, आणि मार्लिसला इतका राग आला त्या बोटीचा, की तिने तिच्यावर दगड मारला.

"लागला?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसू दाबायचा प्रयत्न केला. "मैलभर लांब होती, मूर्खा."

"मी त्या कड्यासमोरून कितीदा गेलो. खाली असायचो, इंजिनाजवळ. कधी वर येऊन पाहिला नाही."

"तुला कुणी अडवलं होतं?"

कुणीच नाही. चीफला कोण अडवणार? हे मी तिला सांगितलं नाही, इथे लिहितोय.

मटार वितळले. ती उठून गेली. मी पांघरूण घालायला विसरलो.

८ नोव्हेंबर

कोल्बीला फोन करून हिवाळी टायर मागितले.

"कशासाठी, चीफ? सुबारूला?"

"केस्ट्रलला."

"तुम्ही मला मे महिन्यात अर्धा तास मिठावर भाषण दिलं होतं."

"दिलं होतं. टायर आहेत का ते सांग."

"आहेत. काळ्या लोखंडी चाकांवर. भयंकर दिसतील."

"बसव."

संध्याकाळी मार्लिसला म्हणालो, "विमानाचं तिकीट रद्द कर. मी सोडतो तुला बॉइसीला."

"कशाने?"

"हिने."

"नोव्हेंबरात? मोंटानातून? वेडा झालायस का?"

"टायर बसवलेत."

"एल्डन, ही गाडी दाखवून मला परत आणता येणार नाही."

"मी आणत नाहीये. सोडतोय."

तिने हाताची घडी घातली. विचार करताना ती खालचा ओठ चावते. "सामान किती मावेल?"

"एक बॅग. आणि मऊ असली तर आणखी एक."

"बाळासाठी विणलेलं सगळं न्यायचंय."

"माझं कमी करतो."

"आणि एक अट. गाडीबद्दल एक शब्द बोललास तर मी वाटेतल्या फार्गोला उतरून बस पकडेन. गंमत करत नाहीये."

"कबूल."

१२ नोव्हेंबर

निघालो. माझे दोन सदरे, दात घासायचा ब्रश, ही वही. बाकी लोकर.

पहिल्या दहा मैलांत मिठाच्या ट्रकने आम्हाला आंघोळ घातली. खडे पोटाखाली तडतडत होते. प्रत्येक आवाजाला माझे दात आवळले जात होते. मार्लिस माझ्याकडे बघत होती, मी समोर. फार्गोपर्यंत एक शब्द काढला नाही. जीव गेला माझा. फार्गोला कॉफी प्यायला थांबलो तेव्हा गाडीचा हिरवा रंग शोधून सापडत नव्हता. मार्लिसने कप माझ्या हातात दिला.

"आता बोल. एक वाक्य माफ."

मी गाडीकडे पाहिलं. "चाकं फार घाण दिसतात," मी म्हणालो.

ती इतकी हसली की कॉफी सांडली. मला हसू आलं नाही, मला खरंच वाईट वाटत होतं. पण ती हसत होती.

बिस्मार्कला मुक्काम. खोली गरम आहे.

१३ नोव्हेंबर

आज बिस्मार्कपासून मार्लिसने चालवली. तिच्या बापाचा जुना ट्रक होता, त्यावर ती हाताचा गिअर शिकलेली. माझ्यापेक्षा चांगला टाकते, हे मान्य करायला त्रास होतो. पहिल्यांदा मी शेजारच्या सीटवर होतो. या सीटवरून रस्ता वेगळा दिसतो. पाय कुठे ठेवावेत ते कळत नाही.

निघताना तिने पर्समधून चष्मा काढून लावला.

"हा कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"चष्मा."

"गाडी चालवताना लावते. बरीच वर्षं झाली, एल्डन."

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. पांढरी माळरानं, मधे मधे काळ्या गाई, मोंटानाच्या हद्दीपर्यंत तेच. एरवी मी आकडे मोजत बसलो असतो. आज तिला विचारलं, आणखी काय काय आहे जे मला माहीत नाही? ती म्हणाली, "पुष्कळ." मी म्हणालो, "सांग मग, रस्ता लांब आहे." तिने वायपर चालू केले, काचेवरचा राडा बाजूला झाला, आणि ती ग्वेनच्या धाकट्या बहिणीच्या लग्नातल्या कुठल्याशा भानगडीपासून सुरू झाली. मला त्या बहिणीचं नावही ठाऊक नव्हतं. मधे मधे माझी चूक होत होती, कोण कुणाचं ते. ती परत सांगत होती, वैतागून, पण सांगत होती.

ग्लेंडाइव्हला थांबलोय. मोटेलच्या अंगणात गाडी मिठाने पांढरी झालीय, धुवायची सोय नाही. पाण्याची नळी गोठलीय म्हणे. मॅनेजरला दोन शब्द सुनावले. उपयोग शून्य.

बॉइसीला पोचल्यावर मी किती दिवस राहायचं, की दुसऱ्या दिवशी एकट्याने परत फिरायचं, हे मार्लिसने सांगितलेलं नाही. मी विचारलं नाही. ती झोपलीय. चष्मा टेबलावर आहे.

उद्या पहिली पाळी तिची.